‘डोळ्यांपुढे चकाकणारी रेघ’ आणि गर्भनिरोधक गोळी

प्रश्न : वय २९, राहणार सातारा जिल्हा. मुलगा १४ महिन्यांचा आहे, आता फक्त रात्री अंगावर पितो. अजून दोन-तीन वर्षं पाळणा लांबवायचा आहे. गेल्या तीन महिन्यांत मिस्टरांनी चार वेळा मेडिकलमधून ‘बहात्तर तासांची’ गोळी आणून दिली. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती. आता जाऊबाई रोजची गोळी घेतात, तीच सुरू करावी म्हणते. सासूबाई म्हणतात, गोळ्यांनी पिशवी खराब होते, पुढे दिवस राहत नाहीत. कोणती गोळी सुरक्षित? ता. क. मला अधूनमधून अर्धशिशी होते. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चकाकणारी रेघ येते. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ताजा कलमात टाकलंय. संबंध आहे, आणि चांगलाच आहे. जाऊबाईंची गोळी तुम्ही सुरू करू नका. स्वयंपाक गॅसवर ठेवून वाचत असाल तर एवढंच वाचून उठलात तरी चालेल, बाकीचं सवडीने वाचा.

ती गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. जाऊबाईंचं बीपी नीट असेल, पायात कधी रक्ताची गुठळी झाली नसेल, तर त्यांनी ती खुशाल घ्यावी. तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं दवाखाना चालवताना मी ही गोळी हजारो जणींना लिहून दिली आहे. पण एकीला चालली म्हणून दुसरीला चालेल, असं या गोळीचं नसतं. साडी घेताना चालतं ते, औषधात नाही.

गोळीत काय असतं ते आधी सांगते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानात स्वस्तात मिळणारी माला-डी, दोन्हींत माल एकच. एका पांढऱ्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, इथिनिल इस्ट्राडायोल. पहिलं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन, दुसरं इस्ट्रोजेनच्या. दोन्ही मिळून बीजांडकोशाला गप्प बसवतात, बीज फुटतच नाही. १९६० साली अमेरिकेत पहिल्यांदा ही गोळी मंजूर झाली तेव्हा तिच्यातलं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. तेव्हापासून आजवरची सगळी धडपड हा आकडा खाली आणण्याची आहे, कारण खोड आहे ती इस्ट्रोजेनची. ते यकृतात पोचलं की रक्त गोठवणारे घटक जरा जास्त बनतात. बहुतेकींच्या शरीराला त्याने काही फरक पडत नाही. ज्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या आधीच नाजूक, त्यांना पडू शकतो.

आता तुमची ती रेघ. अर्धशिशी खूप जणींना असते आणि नुसती अर्धशिशी असली, वय पस्तिसाच्या आत असलं, तर गोळी देताना आम्ही फार अडून बसत नाही. रेघ आली की चित्र बदलतं. मी पेशंटसमोर कागद-पेन ठेवते आणि म्हणते, काय दिसतं ते काढून दाखवा. काढतात त्या बहुतेक सारखंच : नागमोडी, कंगोऱ्या-कंगोऱ्यांची, किल्ल्याच्या तटासारखी कमान, मधे धूसर. एका बाईने सांगितलं होतं, ‘वेल्डिंगकडे बघितल्यावर डोळ्यांत राहतं ना, तसं, पण हलणारं.’ इतकं चपखल वर्णन मला पुस्तकात सापडलं नाही. ही रेघ हळूहळू पसरते, पाच मिनिटं ते तासभर राहते आणि मग डोकं धरतं. कुणाला रेघेऐवजी बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या चढत जातात, कुणाला बोलताना शब्द सापडत नाहीत. याला डॉक्टर ‘ऑरा’ म्हणतात. उपवासाच्या दिवशी उठताना अंधारी येते, उन्हातून आल्यावर डोळे दिपतात, ते ऑरा नव्हे. तुमच्या शब्दांवरून तुमची रेघ पहिल्या जातीची वाटते, पण पत्रावरून शिक्का मारणं बरोबर नाही. एकदा डॉक्टरांना समोरासमोर सांगा.

ऑरा असणाऱ्या बाईने इस्ट्रोजेनवाली गोळी घेतली, तर मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडण्याचा, म्हणजे पॅरालिसिसचा, धोका गोळी न घेणाऱ्या आणि अर्धशिशी नसणाऱ्या बाईच्या अनेक पट होतो, साधारण सहापट किंवा त्याहूनही जास्त. तुमच्या वयात मुळातला धोकाच लाखात दोन-चार इतका बारीक असतो, तेव्हा पट वाढले तरी आकडा छोटाच राहतो. म्हणून आजवर चुकून घेतली असेल तर रात्रीची झोप घालवू नका. पण हातपाय कायमचे जायचा प्रश्न आहे, आणि दुसरे तितकेच चांगले उपाय हाताशी असताना तो छोटा आकडाही अंगावर का घ्यायचा? जागतिक आरोग्य संघटना साधनांची चार वर्गांत विभागणी करते. चौथा वर्ग म्हणजे ‘देऊ नये’. ऑरा असलेली अर्धशिशी आणि दोन हार्मोनची गोळी ही जोडी चौथ्या वर्गात आहे, मग वय कितीही असो.

गौरीच्या वेळच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला बोलावंच लागेल. श्रावण संपत आला की आमच्याकडे याच गोळीसाठी रांग लागते. गौरी जेवणार, सत्यनारायण आहे, नणंदेचं लग्न आहे, वारीला निघायचंय. विटाळ पाळावा की नाही, यावर मी पेशंटशी वाद घालत नाही. माझं मत माझ्यापाशी. पण बहुतेक जणी दवाखान्यात येतच नाहीत, मेडिकलवाल्या दादाला ‘पाळी पुढे जायची द्या’ म्हणतात आणि तो पट्टी कापून देतो. ही गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. कागदोपत्री हे एकट्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण एवढ्या मोठ्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायोलमध्येच बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर २० ते ३० मायक्रोग्रॅमची गोळी घेतल्यासारखं होतं. म्हणजे जी गोळी तुम्ही घेऊ नये असं मी वर सांगितलं, जवळपास तीच तुम्ही गौरीत दुसऱ्या नावाने घेतली होती. काही झालं नाही, छान. पुढच्या वर्षी मात्र महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि रेघेचं सांगा. या कामाला दुसरं औषध आहे, जे असं बदलत नाही. आणि हो, पाळी पुढे ढकलायची गोळी चालू आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं समजू नका. ती त्या कामासाठी नाही. दसऱ्यानंतर ‘पाळीच आली नाही’ म्हणून येणाऱ्या दर वर्षी दोन-तीन जणी तरी असतात.

आता बहात्तर तासांची, म्हणजे काही न वापरता संबंध आल्यावर घ्यायची गोळी. तिच्यात एकटं लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, १.५ मिलिग्रॅम, म्हणजे माला-डीच्या दहा गोळ्यांइतकं एका घोटात. इस्ट्रोजेन नाही. त्यामुळे अर्धशिशीच्या दृष्टीने चार वेळा घेतल्याने तुमचं काही बिघडलेलं नाही, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचंही नाही. बिघडतं ते वेळापत्रक. पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होते, मधेच डाग दिसतात, आणि मग ‘राहिलं की काय’ या धास्तीत बाई महिना काढते. ही गोळी बीज फुटणं पुढे ढकलते, बस्स. बीज आधीच फुटलं असेल तर तिचा उपयोग नाही, आणि गर्भ राहिलेला असेल तर तो तिने पडत नाही. म्हणून बहात्तर तास म्हणजे निवांत वेळ आहे असं नाही. सकाळी आठवलं तर सकाळीच घ्यावी. लोकांच्या लक्षात न येणारी दुसरी गोष्ट अशी की बीज पुढे ढकललं म्हणजे ते चार-पाच दिवसांनी फुटणार. गोळी घेऊन ‘आता या महिन्याचं काम झालं’ म्हणून पुन्हा तसाच संबंध आला, तर दिवस राहायची शक्यता उलट तेव्हाच. तुमची शेवटची गोळी कधीची आहे ते लिहिलेलं नाही. तीन आठवडे होऊन गेले असतील आणि पाळी आली नसेल, तर दुसरं काहीही सुरू करण्याआधी घरी लघवीची तपासणी करा.

मिस्टरांना एक सांगा. काउंटरवर ‘गर्भपाताची किट’ म्हणून मिळते ती वेगळी वस्तू आहे. ती राहिलेला गर्भ पाडायला असते आणि डॉक्टरांशिवाय घ्यायची नसते. दोन्हींची गल्लत झालेली बाई रात्री दोन वाजता रक्तस्राव होत आलेली मी पाहिली आहे. तिच्या नवऱ्याने दुकानात फक्त ‘ती गोळी द्या’ एवढंच म्हटलं होतं. लाज वाटली, म्हणाला.

आता सासूबाईंचं. त्यांना हसू नका. त्या पिढीने काय काय पाहिलंय, आणि न विचारता बायकांवर किती प्रयोग झालेत, ते मला ठाऊक आहे. पण रोजच्या गोळीपुरतं त्यांचं म्हणणं खरं नाही. गोळी बंद केली की बीजांडकोश महिन्या-दोन महिन्यांत कामाला लागतो, आणि वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण गोळी न घेतलेल्या बायकांइतकंच असतं. गोळीने पिशवी खराब होत नाही. उलट काही वर्षं गोळी घेतलेल्या बायकांमध्ये बीजांडकोशाचा आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कमी दिसतो. दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी गोळीची जाहिरात करतेय असं वाटायचं : गोळी चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण किंचित वाढतं आणि बंद केल्यावर हळूहळू उतरतं. वजनाचं म्हणाल तर दोन हार्मोनच्या गोळीने वजन वाढतं असं नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. बाळंतपणानंतरचे लाडू आणि रात्रीची जागरणं यांचा हिशेब बहुतेक वेळा गोळीच्या नावावर मांडला जातो.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एका साधनाबाबत, इंजेक्शनबाबत. ‘अंतरा’ नावाने सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून मिळतं ते. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, दंडात किंवा कमरेत. सोबत एक कार्ड मिळतं, त्यावर सिस्टर पुढची तारीख घालतात. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत घेतलं तरी चालतं. इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं. आपल्याकडे इंजेक्शन दिल्यावर चोळण्याची सवय इतकी घट्ट की बाई खोलीच्या बाहेर पडता पडता हात दंडावर जातोच. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात. पिशवी खराब झालेली नसते, औषध अंगातून सावकाश उतरत असतं. पण मधल्या काळात घरात काय काय बोललं जातं, ते मी तुम्हाला सांगायला नको. ‘दीड वर्षाने दुसरं हवंय’ म्हणणाऱ्या बाईला मी अंतरा देत नाही. ‘तीन-चार वर्षं तरी नको’ म्हणणारीला देते.

अंतरावर असलेल्या बायका मधेच सोडतात त्याचं मुख्य कारण दुखणं नव्हे, पाळी. पहिल्या तीन-सहा महिन्यांत केव्हाही डाग दिसतात, कधी आठ-दहा दिवस अंगावरून जात राहतं, आणि वर्षभरात जवळपास निम्म्या जणींची पाळी येणंच थांबतं. मग सुरू होतं : ‘घाण रक्त आत साठतंय, डोक्यात चढेल.’ मी टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून विचारते, यात पाणीच भरलं नाही तर सांडणार काय? दर महिन्याला पिशवीच्या आत अस्तर तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते गळून पडतं, ती पाळी. इंजेक्शनने अस्तर पातळ राहतं, तयारच होत नाही, तर साठणार कुठून? हे आधी सांगितलं तर बाई थांबते. इंजेक्शन टोचून झाल्यावर सांगितलं तर तिला ती सारवासारव वाटते, आणि ते तिचं चूक नाही. अंतराने वजन थोडं वाढू शकतं, वर्षाला एक-दोन किलो. हाडांची घनता थोडी उतरते, बंद केल्यावर बरीच भरून येते. डोकेदुखीवाल्यांना आणखी एक सांगायला हवं. हे इंजेक्शन वर्षानुवर्षं सतत घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाची मेनिन्जिओमा नावाची गाठ जास्त प्रमाणात दिसली, असा फ्रान्समधला अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. गाठ मुळात विरळ, तेव्हा एकूण धोका कमीच. पण डोकेदुखीचं स्वरूप बदललं तर ‘नेहमीचंच आहे’ म्हणून बसून राहायचं नाही. तुम्हाला अंतरा द्यायला नियमाने मनाई नाही, पण माझी ती पहिली पसंती नसेल.

मग तुमच्यासाठी काय? तुम्हाला दोन-तीन वर्षं हवी आहेत, घरात लहान मूल आहे, रोज ठरल्या वेळी काही आठवेल याची खात्री नाही. माझ्यासमोर बसला असतात तर मी आधी तांबीचं नाव काढलं असतं. हार्मोनच नाही, अर्धशिशीशी काही देणंघेणं नाही, सरकारी दवाखान्यात फुकट बसते, काढली की लगेच दिवस राहू शकतात. पाळी मात्र जरा जास्त जाते. तुमची आधीच जास्त जात असेल, हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊवर अडकलेलं असेल, तर तांबीची हार्मोनवाली बहीण बघा. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल भरलेली असते ती, रोज कणाकणाने सुटतं आणि पिशवीतच काम करतं. पहिले तीन-चार महिने डाग, मग पाळी अगदी कमी. खाजगीत तिला काही हजार रुपये लागतात, हाच तिचा दोष. दंडाच्या कातडीखाली बसवायची काडी, इम्प्लांट, तीन वर्षं चालते आणि तिच्यात इस्ट्रोजेन नसतं. सरकारने ती अलीकडे काही ठिकाणी टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली आहे, तुमच्या जिल्हा रुग्णालयात आहे का ते आशाताईंना विचारा.

‘नको डॉक्टर, मला आत काही बसवायचंच नाही’ असं म्हणालात तर तेही ठीक, बरेच जणी म्हणतात. मग एकट्या डेसोजेस्ट्रेलची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आहे. इस्ट्रोजेन नाही, रोज घ्यायची, मधे खंड नाही, आणि बारा तासांहून जास्त उशीर चालत नाही. किंवा ‘छाया’. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध १९९१ पासून ‘सहेली’ नावाने बाजारात आहे, २०१६ पासून सरकारी यादीत ‘छाया’ म्हणून आलं. ते हार्मोन नाहीच. पाळीच्या पहिल्या दिवशी एक गोळी, तीन दिवसांनी दुसरी. म्हणजे पाळी रविवारी आली तर रविवार आणि बुधवार. असे तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग फक्त रविवार. पाळी लांबते, कमी होते, घाबरायचं नाही. पंधरा दिवसांवर उशीर झाला तर तपासणी करायची. एखादी गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून आठवड्यातून दोनदा. नुकतीच कावीळ होऊन गेलेली असेल किंवा पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशाच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा आजार, असेल तर छाया घेऊ नये.

जाऊबाईंना माझ्याकडून चार गोष्टी सांगा, कारण गोळी फसते ती बहुतेक घेण्यात फसते. चोख घेतली तर वर्षभरात हजारात तिघींनाच दिवस राहतात. प्रत्यक्षात बायका जशा घेतात तशी घेतली तर शंभरात सात. मधला सगळा फरक विसरण्याचा. माझी एक पेशंट गोळ्या तूरडाळीच्या डब्यात लपवायची, कारण घरी कुणाला माहीत नव्हतं. दिवस राहून आली, पाकीट दाखव म्हटलं, तर पाच पांढऱ्या शिल्लक आणि सातही काळपट गोळ्या संपलेल्या. म्हणाली, ‘काळ्यांनी रक्त वाढतं सांगितलं होतं, म्हणून त्या आधी खाऊन टाकल्या.’ काळ्या गोळ्या लोहाच्या, हे तिला बरोबर सांगितलं होतं. पांढऱ्या एकवीसच मूल थांबवतात आणि बाणाच्या दिशेने क्रमानेच जायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं. सांगणारी मीच होते.

पांढरी एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पुढची तिच्या वेळेला, दोन एकदम झाल्या तरी हरकत नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्यायची, पाकीट चालू ठेवायचं आणि सात दिवस निरोध वापरायचा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर काळ्या गोळ्या सोडून देऊन सरळ नवं पाकीट सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात झालं आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर बहात्तर तासांची गोळी, तिचा खरा उपयोग हाच. सगळ्यात महागात पडतं ते नवं पाकीट उशिरा सुरू करणं. काळ्या गोळ्यांचे सात दिवस शरीर तसंही बिनहार्मोनचं असतं, त्यात ‘माहेरी गेले, पाकीट सासरीच राहिलं’ असे तीन-चार दिवस वाढले की बीज फुटायला मोकळीक. काळी चुकली तर काही होत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची.

आणि गोळी सुरू करण्याआधी बीपीचा पट्टा दंडाला लागलाच पाहिजे. हे मी खूप आग्रहाने सांगते. पोट तपासलं नाही, सोनोग्राफी केली नाही, तरी एकवेळ चालेल. बीपी मोजायला पर्याय नाही. १४०/९० च्या वर असेल तर मी ही गोळी देत नाही. सिगारेट ओढणाऱ्या पस्तिशीपुढच्या बाईला देऊ नये असं पुस्तकात लिहिलंय. आमच्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, पण मिश्री लावतात, आणि ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर नाही म्हणतात, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हे त्यांच्या गावीच नसतं. मी सरळ ‘दात कशाने घासता’ विचारते. टीबीच्या गोळ्या चालू आहेत का, फिट्सच्या चालू आहेत का, हेही विचारते, कारण टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं गोळीतलं हार्मोन भराभर संपवतात. गोळी नेमाने घेऊनही मूल राहतं आणि दोष बाईला जातो. बाळंत होऊन सहा महिने झाले नसतील आणि बाळ अंगावर पीत असेल, तरी दोन हार्मोनची गोळी नको. तुमचं बाळ चौदा महिन्यांचं, तो प्रश्न तुम्हाला नाही.

बीपी न बघता चाललेल्या गोळ्यांत मला सगळ्यात जास्त खटकतात त्या पीसीओडीच्या मुलींच्या चिठ्ठ्या. विशीतली मुलगी, पुण्याला हॉस्टेलवर, मुरमं आणि अनियमित पाळीसाठी कुणीतरी तीन महिन्यांसाठी गोळी लिहून दिलेली. तीच चिठ्ठी दाखवून ती तीन वर्षं घेतेय. मुरमांसाठीच्या काही गोळ्यांत गुठळीचा धोका साध्या माला-डीपेक्षा जास्त असतो. साधी गोळी घेणाऱ्या दहा हजार जणींत वर्षाला पाच ते सात जणींना गुठळी होते, गोळी न घेणाऱ्यांत दोघींना. मुरमांच्या गोळ्यांत हा आकडा आणखी वर जातो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर तो या सगळ्यांपेक्षा जास्त असतो, तेव्हा गोळीला राक्षस करू नये. पण त्या मुलीचं बीपी तीन वर्षांत एकदाही कुणी मोजलेलं नसतं.

जाऊबाईंनी एवढं लक्षात ठेवावं : एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत कळ येऊन दम लागला, अचानक न सोसणारं डोकं दुखलं, एका डोळ्याने दिसेनासं झालं, किंवा तुमच्यासारखी रेघ त्यांना पहिल्यांदाच दिसायला लागली, तर गोळी त्याच दिवशी बंद आणि दवाखाना त्याच दिवशी. मोठं ऑपरेशन ठरलं तर महिनाभर आधी सर्जनना गोळीचं सांगायचं. आणि कुठलीही गोळी, इंजेक्शन, तांबी लैंगिक आजारांपासून वाचवत नाही, ते फक्त निरोध करतो.

तुम्ही या आठवड्यात लघवीची तपासणी करा, तोवर निरोध वापरा, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. शक्य असेल तर मिस्टरांना सोबत न्या, दुकानातून गोळ्या आणायला तेच जातात. जाताना गौरीच्या वेळच्या गोळीचं रिकामं पाकीट सापडलं तर घ्या, आणि रेघेचं बोलणं शेवटी ठेवू नका. खुर्चीत बसल्या बसल्या आधी तेच सांगा, कागद मागून काढूनच दाखवा.